दुसरा तुकडा

रात्री साडेनऊला, समारांगच्या बंदरालगतच्या दवाखान्यात
रांग एकेचाळीस नंबरवर अडली.
पडद्यावर लाल ओळ:
मागितलेला तुकडा अस्तित्वात नाही.

फंक्शन माझंच. सात ओळींचं.
नाव घ्यायचं, स्पेस दिसेल तिथं मोडायचं,
पहिला तुकडा डावीकडच्या रकान्यात, दुसरा उजवीकडच्या.
हे मी शिकले कुठल्याशा परदेशी पुस्तकातून,
जिथं प्रत्येक माणसामागं घराण्याचं शेपूट असतं.

भरतीचं पाणी रस्त्यावर चढलेलं, रोजच्यासारखं पोटरीभर.
कुंचोरो त्यातूनच आला, चपला हातात,
एका पिशवीत लॅपटॉप, दुसरीत तळलेलं टेंपे.
आमच्यातला नव्हे तो. बंदरात कंटेनर मोजणारा प्रोग्रॅम सांभाळतो.
मी कधीतरी त्याला तारखांचा गुंता सोडवून दिला होता म्हणे.
मी विसरले होते.

"लूप चुकलाय बहुतेक," मी म्हटलं.
"असेल."
हिरवी मिरची चावत त्यानं विचारलं,
"वेनिंग, तुझ्या आईचं नाव काय?"
"पोनिराह."
"पुढे?"
"पुढे काही नाही. पोनच्या बाजाराला जन्मली म्हणून पोनिराह."
बोलता बोलता माझी जीभ अडखळली.
तो टेंपेकडे बघत राहिला, मुद्दाम.

बाकावर एकेचाळीस नंबर खोकत होते.
सागिमान. एवढंच.
सत्तर वर्षं एका शब्दावर निभावलेला माणूस,
आणि मी त्याच्याकडे दुसरा मागत होते.

आधी तुकडे मोज, मग माग.
एक ओळ वाढली. रांग हलली.

शेहेचाळीसला पुन्हा घोळ, या वेळी लाल काहीच नाही.
बाईंचं नाव एकेरीच, तरी उजवा रकाना म्हणे भरलेला,
आणि पावतीवर तिथं कोरं.
मी तीनदा वाचलं. अक्षरं बरोबर होती.
कुंचोरोनं नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावून छापलं,
तेव्हा दिसली:
शेवटच्या अक्षरापुढं, बंद होणाऱ्या चिन्हाच्या अलीकडं,
एका बोटाएवढी पोकळी.
कारकुनाचा अंगठा जरा रेंगाळला असेल तिथं, झोपेत.

"रिकामं म्हणजे ताट मांडलंय, भात नाही," तो म्हणाला,
"आणि नाही म्हणजे ताटच नाही.
मशीनला दोन्ही सांगावं लागतं. माणसालाही, कधीकधी."
मग स्वतःच्याच वाक्याला लाजून त्यानं उरलेलं टेंपे माझ्याकडं सरकवलं.

कडांची धूळ झाडून मग मोडायचं: आणखी एक ओळ.
सात होत्या, नऊ झाल्या.
फंक्शनचं नाव होतं 'नाव तोड'.
ते खोडून 'नाव वाच' केलं. तशी गरज नव्हती.

साडेबाराला पाणी घोट्यावर उतरलं.
दारात चपला हातात घेऊन तो म्हणाला,
"माझा एक कंटेनर रोज दोनदा मोजला जातो.
उद्या बघशील?"
"नंबरापुढं स्पेस आहे का बघितलंस?"
तो तसाच उभा राहिला,
एक पाय पाण्यात.