पिवळ्या पानांवरचा उपाय

पेठ रोडला, मार्केट यार्डासमोर आमचं कृषी सेवा केंद्र.
काउंटरला मी.
छाटणीनंतर मोहाडीचे मोगल अण्णा येतात,
रुमालातून थॉमसनचं पान काढून काचेवर ठेवतात.
शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं.
मी न विचारता लाल भुकटीचा डबा काढते.
चिलेटेड लोह, अण्णा. ठिबकमधून सोडा.
चुनखडीच्या जमिनीत लोह असतं हो, वेलीला उचलता येत नाही.
हे खेकड्यासारखं नांगीत धरतं, मुळापर्यंत नेऊन सोडतं.

अण्णा म्हणतात, पोरी, तुला बरं ठाऊक सगळं.

ठाऊक आहे.
आठवड्यातल्या पाच रात्री
माझ्या पोटाच्या कातडीखाली तसलाच खेकडा चालतो,
उलट्या दिशेनं.

दर एकविसाव्या दिवशी सिव्हिलमध्ये
कुणाचं तरी रक्त चढतं मला.
कधी सातपूरच्या कंपनीतल्या शिबिराचं,
कधी नोटप्रेसच्या एखाद्या कामगाराचं.
भली माणसं. बिस्किटं खातात, चहा घेतात, घरी जातात.
त्यांचं लोखंड माझ्याकडे राहतं.
शरीराला ते बाहेर टाकायचं दार नाही.
यकृतात साठतं, हृदयात साठतं,
आणि मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या त्या गाठीत,
जिथून खाली निरोप जातो की
आता एक बीज पिकव.

लोखंड निरोपाच्या वाटेवर फतकल मारून बसतं.

पंधराव्या वर्षी हे कोण ऐकणार?
वर्गात बाकाखालून पॅड सरकायचे, कुजबुज चालायची,
माझ्यापर्यंत यायच्या आत थांबायची.
मी रात्री पांघरुणात सुई काढायचे.
पंप चालू ठेवायचे. आई दाराशी थांबून घरघर ऐकायची.
नळी खिडकीबाहेर, जास्वंदीच्या कुंडीत.
दोन वर्षं.

काय बहरली ती जास्वंद!
काळपट हिरवी पानं, तळहाताएवढी फुलं, रोज सात-आठ.
आई शेजारच्या खैरनारबाईंना सांगायची,
काही घालत नाही हो. नुसतं पाणी.

फेरिटिन पाच हजार दोनशे.
कुलथे डॉक्टर आधी कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.
आईला केसपेपर आणायला पाठवलं.
रागावल्या नाहीत. पावतीच्या पाठीवर
दोन बदाम काढले पेनानं, म्हणाल्या,
हे झोपलेत अजून. गंजलेत असं वाटत नाही मला.
मग बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसल्या.

त्या रात्रीपासून सुई पोटात.

एकोणिसाव्या वर्षी सीबीएसच्या थांब्यावर
सलवारीला डाग.
एका अनोळखी मुलीकडे पॅड मागितलं, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि इतकी हसले
की ती बिचारी दोन पावलं मागे सरली.

आता सत्तावीस. मावशी विचारते,
पुढं मूलबाळ होईल ना गं?
मी मूल हवं की नको अजून ठरवलेलं नाही.
ठरवायची जागा शाबूत राहावी म्हणून
पाच रात्री, दहा-दहा तास,
डाव्या कुशीवर झोपते. उजवीकडे पंप.
सकाळी लघवी विटकरी रंगाची.
गेलं कुणाचं तरी थोडं लोखंड,
म्हणते, आणि पाणी सोडते.
लोखंडी कढई आईनं केव्हाच बोहारणीला देऊन टाकली.
जेवणावर कोरा चहा. सवय झाली त्याचीही.

जास्वंद आता पिवळी पडते.
शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं.
परवा दुकानातून चिमूटभर लाल भुकटी
पुडीत बांधून आणली, कुंडीत कालवली.
आईनं विचारलं, काय गं ते?
खत, म्हटलं.
ती म्हणाली, पूर्वी नाही लागायचं हिला काही.

मी नुसतं हूं म्हटलं.
हात लाल झाले होते कोपरापर्यंत, ते धूत राहिले.