घमेल्याखाली

मसाई माराहून फैजपूरला येऊन आठवडा झाला.
बॅगेच्या चेनमधून अजून तिकडची धूळ निघते,
बायको म्हणते, झटकू नका, राहू द्या.

पालच्या नाक्यावर सायसिंग पावराला
मोबाइल दिला : बघ, सिंह.
सहा दिवसांत एकवीस. मोजून.
त्यानं सिंह बोटानं बाजूला सारला
आणि मागचं गवत मोठं केलं.
"येवढं गवत," म्हणाला,
"वणवा लागला तर कसा अडवतात?"

मला काय माहीत.
आम्ही जीपच्या छपरातून माना काढून
डब्यातली शेव खात होतो,
आणि फिरके मास्तर सिंहिणीला
हळू आवाजात विनवत होते,
इकडे बघ, बाई, इकडे.
तिनं जांभई दिली.
खाली उतरायला मनाई होती.

सायसिंग मोबाइल घेऊनच चालू लागला.
सुकीच्या कोरड्या पात्रात, अंजनाच्या सावलीला
एक उपडं घमेलं, वर दगड.
"वाऱ्यानं बुजेल म्हणून झाकलंय.
साहेब आले की साचा घेतील."
दगड पायानं सारला, घमेलं एका हातानं उचललं,
शिजत्या भांड्यावरचं झाकण उचलावं
तसं, जरा लांबून.

वाळूत पंजा.
एका बोटाच्या खळग्यातून
मुंगी चढत होती, घसरत होती.

"तू पाहिलास कधी, वाघ?"
"नाही. बाप म्हणायचा, पाहिलाय.
पण तो गोष्टीही चांगल्या सांगायचा."

मी गुडघे टेकले.
फोटो काढायचा तर मोबाइल त्याच्याकडे,
आणि तो अजून
गवतच बघत होता.