पेव

हरिपूरला पेव उघडलं
की आधी कंदील सोडायचे दोरीने.
ज्योत विझली, तर माणूस उतरायचा नाही.
दस्तगीर मुजावर काठावर बसायचा, बिडी न पेटवता,
वाऱ्याला आत जाऊ द्यायचा,
मग कमरेला दोर बांधून
आमच्या आडतीची हळद वर काढायचा.

मी तेव्हा विलिंग्डनला दर्शनं शिकत होतो.
सकाळी जागृती, स्वप्न, सुषुप्ती,
दुपारी पोत्यांचा हिशोब.
त्याला म्हणालो, स्वप्नातल्या पाण्यानं
जाग्याची तहान भागत नाही, म्हणून ते खोटं.
म्हणाला, "आन् हितं तांब्याभर पिऊन निजलो,
तरी सपनात घसा कोरडाच. मग हे पाणी कसलं?"

पुरात पेवं गेली.
कृष्णा आत उतरली, कंदील न सोडता.

आता तो मिरजेला, मुलाकडे.
रात्री कधीतरी उतरतो म्हणे,
दोर नाही, काही नाही,
आत हळद कोरडी, खडखडीत.
जागा झाला की सुनेपुढे तळवे धरतो:
बघ, वास येतो का.
येतो, म्हणाली ती मला दाराशी,
इतकी वर्षं झाली तरी.

वासना.
हा शब्द मी पोथीत
इच्छा म्हणूनच वाचत आलो होतो.

परवा म्हणाला, काल काहीच दिसलं नाही.
नुसता अंधार. बरं वाटलं.
मग तो अंधार बघितला कुणी?
परीक्षेत हमखास यायचा हा प्रश्न, दहा मार्कांना.
विचारला नाही.
बाजेशेजारी बसून राहिलो,
वर दोर धरून बसतात तसा.