सांधा क्रमांक सात

रोस्विटाबाई खालच्या मजल्यावरून येतात,
जिन्यात दोनदा थांबून.
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बिस्किटं नाहीत.
जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर
पेन्सिलीनं काढलेलं ग्र्यूनलिट्झ स्थानक:
चार मार्ग, अकरा सांधे, एक रूळ कुठेच न जाणारा,
आणि केबिनच्या खिडकीशी नासपतीचं झाड.

मी पडद्यावर खडी अंथरतो,
माउसच्या एका ओढीत शंभर मीटर.
"इतक्या लवकर?" त्या म्हणतात.
"आमच्या माणसांना दोन हिवाळे लागले होते."

सात नंबर बसत नाही.
त्रिज्या हवी एकशे नव्वद,
मला मिळते एकशे ऐंशी. रूळ लाल.
फलाट अलीकडे सरकवला,
चढ हजारी दोनानं कमी केला,
मग झाड काढून टाकलं.
रूळ हिरवा.

बाई चष्मा पुसत राहतात.
कॉफी निवते.

"झाड आधीचं. रूळ नंतर आले.
इंजिनिअरला वाकावं लागलं, झाडाला नाही.
म्हणून तर तिथं गाडी किंचाळायची
आणि मी पाठमोरी असले तरी मला कळायचं,
साडेपाचची कोळशाची आली."

झाड परत. रूळ परत लाल.
रात्री साडेअकरापर्यंत आमची हुज्जत,
इथं नाही, जरा डावीकडे,
अहो, डावीकडे म्हणजे तुमच्या की गाडीच्या?
एकदा त्या गुडघा चोळत म्हणाल्या,
"सांधे दोनच प्रकारचे.
तेल मागणारे, आणि मागून थकलेले."

शेवटी मी नियमांच्या खिडकीत शिरलो,
किमान त्रिज्येसमोरची खूण पुसली.
इशारा आला: गाडी घसरू शकते.
चालेल, म्हटलं.

साडेपाचची सोडली, ताशी पंधरानं.
एकेक वाघीण सात नंबरवरून वळली,
झाडाला जवळजवळ घासून.
स्पीकरमधून काहीच किंचाळलं नाही.
तो आवाज या आवृत्तीत नाही.

मी वळून पाहिलं.
बाई पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या,
डोळे मिटून, मान किंचित कललेली.
शेवटची वाघीण गेल्यावर
दोन्ही हातांनी हवेतला लिव्हर ओढला,
पूर्ण जोर लावून,
मग पेन्सिल शोधून नकाशाच्या कडेला लिहिलं:
पाच एकतीस.

"एक मिनिट उशीर," म्हणाल्या.
"उशीर तुझा. गाडीचा नाही."