ड्यूटी

वरूडच्या रस्त्याला, पॅकिंगच्या शेडमध्ये
पंचफुला उईके संत्र्याकडे पाहायची नाही.
नुसतं तळहातावर घ्यायची, अन् सांगायची:
हे ढाक्याचं. हे नागपूरचं. हे ज्यूसवाल्याचं.

ढाका तिनं पाहिलं नव्हतं.
पण तिथल्या कुठल्या दवाखान्यात
आपण पुसलेलं फळ कुणाच्या उशाशी असेल म्हणून
एखाद्या देठाला ती पान राहू द्यायची.
व्यापाऱ्याला ते चालत नसे.

तीन आंबिया बहार रोजी मिळाली.
चहात दूध आलं. सिलिंडर रिकामा झाला
की पुन्हा भरू लागला.
पोरगी अमरावतीला, नर्सिंगला.

मग एका दुपारी सेठचा फोन वाजला.
भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, 'ड्यूटी वाढली.'
बायका हरखल्या.
पंचफुलानं हात पुसत विचारलं,
'किती वाजेपर्यंत थांबा लागन मंग?
घरी निरोप धाडा लागन.'

मी हिशेबनीस. मला कळलं होतं
ही ड्यूटी कोणती, कुठल्या सरहद्दीवरची.
मी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

सहापर्यंत बायका बसून राहिल्या.
ट्रक आलाच नाही.
बंगाली ड्रायव्हरचा गमछा
खुंटीवर होता, तो अजून आहे.

परवा बाजारात दिसली.
ढिगातलं एक संत्रं तिनं उचललं,
न पाहता तोललं.
'ढाक्याचं हाय,' म्हणाली,
अन् परत ठेवून दिलं.