लेकीशेजारी

टॅब घेतलेला पोरगा गोठ्यात शिरला
तेव्हा बापू शेणाची पाटी उचलत होते.
"बिल्ला मारायचाय, नोंद करायचीय," तो म्हणाला,
आणि बूट कुठे ठेवावेत ते बघत राहिला.

जात?
"पंढरपुरी."
बापूंनी त्याचा हात धरून चंद्रीच्या शिंगाच्या बुडाशी नेला.
"हितनं सुरू हुतंय. आता चालत ये."
पोरगा चालत गेला. मान, खांदा,
पार बरगडीच्या मागे, तिथं टोक.
लोक त्याला तलवार म्हणतात.
आम्हाला ते दोनदा दार रुंद करायला लावणारं हाड.
शेजारच्या तम्माण्णाची मुऱ्हा, जिलबीच्या शिंगांची,
दूध दीडपट देती, पण केएमटीचा हॉर्न वाजला
की पान्हा चोरती.
"आमचीला लग्नाच्या बँडाम्होरं उभी करा," बापू म्हणाले.

वय?
कागद नाही. बापूंनी जबडा उघडून दाखवला,
झिजून सपाट झालेले दात,
जोतं जसं पायांनी झिजतं.
"थोरली सातवीत हुती तवा ही पडली."
थोरली म्हणजे मी.
मी भिंतीला टेकून बोटांवर मोजलं.
मी दहावीला गणितात नापास झालो
(झालो. आम्ही पोरी इथं असंच बोलतो)
त्या थंडीत ही पहिल्यांदा माजावर आली,
रात्रभर ओरडली, आणि गल्लीनं मला विचारलं,
"काय गं, रडतीस का म्हैस?"

वेत?
"सहा."
पहिला रेडा. दुसराही रेडा.
त्यांचं पुढं काय झालं हे टॅब विचारत नाही.
बापू दाव्याची गाठ सोडतात, पुन्हा मारतात.
तिसऱ्याला वार दोन दिवस अडकली, पारडू गार.
चौथी ही शेवंती.
पाचव्याचा चीक इतका, की खरवस
भांडण असलेल्या घरांतसुद्धा गेला.
सहावं पुराच्या वर्षी, शाळेच्या व्हरांड्यात.
फळ्यावर सुविचार होता,
तो हिच्या शेपटीनं अर्धा पुसला.

स्थिती?
दुभती, गाभण, भाकड. तीनच गोल.
बापूंनी कासेवर हात ठेवला.
रिकामी पिशवी घडी घालून ठेवावी तशी कास.
तीनदा भरवली, तीनदा उलटली.
"लिव, सुट्टीवर."
"तसा रकाना नाही काका."
"मग कर की एक."
पोरगा हसला. मग हसायचा थांबला.
त्याचं बोट तिसऱ्या गोलावर टेकलं,
आणि कानात पिवळा बिल्ला बसला, कट्.
चंद्रीनं नुसती मान झटकली.
एक थेंब रक्त, त्यावर लगेच माशी.

चार वाजले.
कोणी काही न सांगता म्हशी उठल्या.
गंगावेशीची वाट त्यांच्या खुरांत आहे,
रिक्षा थांबतात, त्या थांबत नाहीत.
चंद्री सगळ्यांत पुढे, सुट्टीवर असलेली.

कट्ट्याला शेवंती पहिलारू,
डोळे मोठे करून, पाय आपटून,
सड आवळून धरते.
बापू काही करत नाहीत. बिडी काढतात, परत ठेवतात.
मग चंद्री हळूच सरकते
आणि आपलं पोट लेकीच्या पोटाला टेकवते.
एवढंच.
थोड्या वेळानं चरवीत आवाज येतो,
आधी पत्र्यावर वाजल्यासारखा,
मग फेसात बुडत जाणारा.

तालमीचा एक नवखा पोरगा ग्लास पुसत विचारतो,
"ही कडंची किती देती ओ?"
बापू धार काढत राहतात.
मी सुट्टे पैसे मोजत राहतो.
चंद्री डोळे मिटून रवंथ करते,
आणि बारा आकड्यांचा तो बिल्ला
तिच्या शिंगावर
टिक टिक वाजतो.