कीट

ताल्काउआनोची भट्टी विझली तेव्हा
बाबा एकसष्ट वर्षांचे, आणि कीट लाखो टन.
पुढे काय, हे दोघांनाही कुणी विचारलं नाही.

पूर्वी रात्री उतारावर कीट ओतायचे,
खाडी तांबूस व्हायची,
मी खिडकीत बसून गृहपाठ संपवायचे.
तेवढंच विजेचं बिल वाचलं, आई म्हणायची.
आता तो ढीग काळा. वर काटेरी गवत,
आणि समुद्राचा वारा दिवसभर त्याला ओरबाडतो.

त्यातलाच खडा मी घमेल्याने नेते प्रयोगशाळेत.
डांबरात कालवते, वर मूठभर कीस,
ओसियेलच्या लेथखालून झाडून आणलेला,
कुरळा, तेलकट, बोट कापणारा.
त्याची वीट पाडते. गारठवते. मधोमध मोडते.
मग तुकडे जुळवून ठेवते मायक्रोवेव्हमध्ये
(साधाच आहे, शनिवारच्या बाजारातला,
आत अजून कुणाच्या तरी सूपचा वास).
चाळीस सेकंद.
लोखंड आतून तापतं, डांबर पाघळतं,
भेगेत उतरतं, जसं काही
नको, उपमा नको. उतरतं, एवढंच.
पुन्हा मोडायला गेलं तर जोर लावावा लागतो.

बाबांना सांगितलं.
"आम्ही फेकायचो ते," म्हणाले,
आणि पाव मोडून खात राहिले.

मार्चमध्ये कारखान्याच्या फाटकासमोरचे
नव्वद मीटर मिळाले आम्हाला.
हिवाळाभर वरून निलगिरीच्या ओंडक्यांचे ट्रक.
ऑगस्टात भेगा: आधी केसाएवढ्या, मग नखाएवढ्या.
एका रात्री गाडी आणली, पोटाखाली यंत्र बांधलेली,
मुंगीच्या पावलांनी सरकणारी.
मागे वाफ, जळका गोडसर वास.
बाबा न बोलावता आले. स्वेटर, आणि डोक्यावर जुनं हेल्मेट.
वाकले, गुडघे कुरकुरले,
तळवा टेकला रस्त्यावर.
बराच वेळ.

"किती वेळा भरून येईल, एर्मिंदा?"
पाच. फार तर सहा. दर वेळी थोडं कमी.
आणि निवेपर्यंत वरून काही जाता कामा नये.

ऐकलं त्यांनी. मासळीचा रिकामा क्रेट शोधून आणला,
लेनच्या मधोमध पालथा घातला, आणि बसले.

पहाटे पहिला ट्रक आला. हॉर्न, दिवे, आईवरून शिव्या.
बाबांनी हात वर केला,
भट्टीवर क्रेन थांबवायला करायचे तसाच.
"निजलाय," म्हणाले.
"थांब जरा."